रोह्याला गेलेले दोन गणपती

जागचं न हलता आमच्या साडूंइतकी कामं जगात दुसऱ्या कुणी उरकली असतील असं मला वाटत नाही. पेणला घरी बसून ते निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांचं एकमेकांशी जमवून देतात. दोघांची भाषा वेगळी, घडण वेगळी, म्हणून दोन्हीकडे एकेक मध्यस्थ बसवायचा. इकडच्यानं कामाचं नाव आणि लागणारी माहिती ठरलेल्या साच्यात बांधून धाडायची, तिकडच्यानं ती उलगडून आपल्या यंत्राला त्याच्या भाषेत सांगायची, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. "वस्तू जिथं हाय तिथंच राहते, आपण फक्त तिच्याकडून काम करून घ्यायचं," हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा समजावतात. घरातही तोच कारभार. झोपाळ्यावरून हुकूम सुटतो, चहा, एक, साखर नको. मग "ऐकलं?" आणि जरा वेळानं "झालं?" ऐकणं आणि होणं यांची पोच वेगवेगळी हवी, असं त्यांचं शास्त्र आहे. आमची मेहुणी आतून दोन्हींना एकच उत्तर देते, "नाय."

एक धोका मात्र ते सगळ्यांना बजावत असतात. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालंच नाही असं धरून पुन्हा निरोप धाडला, तर एकच काम दोनदा होऊन बसतं. आणि यंदा नेमकं तेच त्यांनी केलं. घरचा गणपती रोह्याला थोरल्या भावाकडे बसतो. मूर्ती साडूंनी पेणला निवडून टेम्पोनं पाठवायची आणि वहिनींनी फोनवर "मिळाली" म्हणायचं, अशी वहिवाट. भाऊ स्वतः त्यांच्याशी बोलत नसे. वडील रोह्यालाच असत; त्यांच्या आजारपणात डॉक्टर, औषधं, नर्स सगळं साडूंनी पेणहून फोनवर चोख लावून दिलं होतं. जायचं मात्र आज-उद्या करत राहिले, आणि वडील गेले. यंदा वहिनींचा फोन बिघडला, "मिळाली" काही आलं नाही, आणि साऱ्या जगाला शहाणपण शिकवणाऱ्या या माणसानं घाबरून दुसरी मूर्ती रवाना केली.

एका घरात दोन गणपती कसे बसवणार? भावाचा फोन आला तो मला. "दुसरी मूर्ती मी टेम्पोत नाय चढवणार. त्याला सांगा, स्वतः येऊन घेऊन जा." साडूंनी मलाच जायची गळ घातली. मी म्हटलं, सोबत येईन, पण एकटा जाणार नाही. गाडीत ते नागोठण्यापर्यंत मला मध्यस्थांचं काम समजावत होते.

ओटीवर दोन्ही मूर्ती तोंडावर रुमाल घेऊन शेजारी शेजारी होत्या. भावानं पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा दाराकडं बघत असायचे रे."

"मी रोज विचारायचो, औषध घेतलं का म्हणून," साडू म्हणाले.

"घेतलं ना. औषध वेळेवर घेतलं त्यांनी."

साडूंना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मलाही तिथं बसवेना. मूर्ती त्यांनी मांडीवर घेऊन पेणला आणली.

आता दर रविवारी ते रोह्याला जातात. परवा स्टेशनवर भेटले, तेव्हा विचारलं, तिकडे एवढं काय काम काढलंत.

"काम काय नाय," ते म्हणाले. "जाऊन बसतो जरा."