पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर

ओतूरच्या रस्त्यावर शेजारच्या म्हाताऱ्याला पिकअपने उडवलं, तेव्हा सरकारची वाट न बघता आम्हीच माझ्या घरापुढे स्पीडब्रेकर टाकला. सिमेंटची घमेली मी वाहिली. पांढरे पट्टे मारायचे राहिले, कारण गावात सगळ्यांना तो ठाऊकच होता.

भाऊबीजेला बहीण दाजींच्या मोटारसायकलवर मागे एका अंगाला बसून आली, मांडीवर फराळाचा डबा. दाजींना काय ठाऊक असणार? गाडी उडाली आणि बहीण माझ्याच दारात डोक्यावर पडली. ती पुन्हा उठली नाही.

दहाव्याला लोक हळहळले. मग एकजण म्हणाला, "भाऊ, त्याच्या अलीकडं अजून एक टाकू, म्हंजी गाड्या आधीच हळू व्हत्याल." सगळ्यांना पटलं. घमेली पुन्हा माझ्याच घरून गेली. पट्टे दोन्हींवर नाहीत.