तांबडीचं खोगीर आणि वेल्ह्याची वाट

सुगी संपली आणि दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, निकाल दिला. आमची तांबडी घोडी लांबच्या वाटेला काढली की पाठ सोलवटून परत यायची. "आता पुन्ना पाठ सोलली तर टांगेवाल्याला दिऊन टाकतो," तो म्हणाला. मला रागच आला. घोडी माझ्या जिवाची, आणि दोष तिचा नव्हे, खोगिराचा. "वेल्ह्याला जाऊन येतो. ओरखडा दिसला तर खुशाल दे," असं बोलून बसलो.

भोरहून कापूरहोळमार्गे नसरापूरची सडक चांगली आहे. पहाटे निघालात तर उन्हं चढायच्या आत पोचाल. तिथे दोन आण्यांची वैरण घेतली आणि खोगीर उतरवलं. सगळी पाठ घामाने भिजलेली, पण खांद्यांमागे तळहाताएवढे दोन कोरडे डाग. खोगीर दाबतं तिथे घाम फुटत नाही, आणि कातडंही तिथलंच जातं. धर्मशाळेत झाडून साऱ्यांचा सल्ला एकच: "आनिक येक घोंगडं घाला की." दुसऱ्या दिवशी घातलं. पोटाखालचा तंग आवळताना तांबडीने माझ्या दंडाला दात लावले.

पुढे गुंजवणीच्या काठाने मार्गासनी. ओळखीच्या सगुणामावशींकडे उतरलो. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी. पण त्याआधी खोगीर उतरवून पाहिलं. डाग वाढले होते. कातडी शाबूत होती, एवढंच. ओसरीवर बसून पायातली नवी वहाण काढली, तर अंगठा लालबुंद. तेव्हा स्वतःचंच हसू आलं. वहाण चावते म्हणून तिच्यात कोणी आणखी फडकं कोंबतं का?

मावशींकडून दाभण घेतलं, खोगिराची शिवण उसवली आणि त्या दोन जागांवरची लोकर उपसली.

"आवं, लोकं भरत्यात नि तुमी काढताय?" मावशी म्हणाल्या.

"लोकांच्या घोड्यांच्या पाठी बघा, मावशी."

"मंग ती लोकर हिकडं द्या. उशी हुईल."

जादा घोंगडं मी स्वतःच्या खांद्यावर टाकलं. तोरणा समोर आला तशी तांबडी आपणहून दुडकी धावू लागली. वेल्ह्यात खोगीर उतरवलं, तर पाठ एकसारखी ओली! भर रस्त्यात तिच्या मानेला मिठी मारली. लोक हसले; हसू देत. तुम्ही निघालात तर मुक्कामाला आधी पाठ बघा, मग चहा.

परतलो तर दारात टांगेवाला बसलेला. दादाला एवढी खात्री होती. त्याने तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला, मग केसांच्या उलट दिशेनेही फिरवला.

"कदी न्यायची घोडी?" टांगेवाल्याने विचारलं.

"इकायची न्हाई. च्या घ्या."

तोरण्याचं रूप डोळ्यांत आहेच, पण खरी कमाई दुसऱ्या दिवशी पाहिली. वरवे गावाला जायला दादाने तांबडी मागितली. खोगिराखाली घालायला सवयीने दुसरं घोंगडं उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप पुन्हा खुंटीला टांगलं.