लिंगोरच्याची कॅसेट

दोन हजार तीन साली आम्ही टेक्ससमधल्या शुगर लँडला राहायला गेलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला गराज सेलचं, म्हणजे लोक घरासमोर जुन्या वस्तू विकायला मांडतात त्याचं, वेड लागलं. घरात फर्निचर नव्हतं म्हणून आम्ही शनिवारी सकाळी बाहेर पडायचो. आठ वाजताच अंगाला चिकटणारा दमट उकाडा असायचा. लोक ड्राइव्हवेवर टेबलं मांडून बसलेले असायचे, पायाशी आइस-बॉक्स. अशाच एका टेबलाखाली, मुलांच्या जुन्या स्केट्सच्या शेजारी, मला आमचा कॉम्प्युटर दिसला.

आमचा म्हणजे तसलाच. मी पाचवी-सहावीत असताना मामाने अमेरिकेहून एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. सगळं यंत्र कीबोर्डातच, पडदा म्हणून घरातला टीव्ही, आणि प्रोग्रॅम कॅसेटवर. पुण्यात तो चालवायला विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर लागायचा. आमच्या टीव्हीवर त्याचं चित्र काळंपांढरं यायचं आणि सारखं वर सरकत राहायचं. मी आणि माझा भाऊ मान वर-खाली करत गेम खेळायचो. आई म्हणायची, "पोरांना झालंय तरी काय?" पुढे ट्रान्सफॉर्मर जळला, कॉम्प्युटर माळ्यावर गेला आणि मग भंगारात. मी मात्र त्यापायीच प्रोग्रॅमर झाले असं मला नेहमी वाटतं.

त्या दिवशी तो टेबलाखालचा कॉम्प्युटर मी मांडीवर घेऊन घरी आणला. नवरा ड्राइव्ह करता करता म्हणाला, "आपण सोफा बघायला आलो होतो ना, यार?"

घरी जोडल्यावर पहिल्यांदाच मला त्या गेमचे खरे रंग दिसले. मी लहानपणी ज्याला दगड समजत होते ते गवत होतं. मला हसू आलं आणि थोडं रडूही.

मग मी इंटरनेटवर शोधायला लागले, तेव्हा कळलं की माझ्यासारखे बरेच आहेत. त्यांचा एक फोरम होता. ते लोक नुसते जुने गेम जमवत नव्हते, ते वाचवत होते. कॅसेट पंचवीस वर्षांनी मरते, आणि टेक्सससारख्या ठिकाणी गराजमधल्या उन्हाने त्याआधीच. म्हणून कॅसेट प्लेअर नव्या कॉम्प्युटरला जोडायचा, टेपवरची ती कर्कश किरकिर रेकॉर्ड करायची आणि तिच्यातून प्रोग्रॅम पुन्हा बाहेर काढायचा. मग ती फाइल पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त शाळामास्तरांकडे पाठवायची. ते सगळ्यांचा संग्रह सांभाळायचे. आधी कुणाकडेच नसलेला गेम मिळाला की ते एकच शब्द लिहायचे, "वाचला."

तो शब्द मिळवण्यासाठी मी कुठे कुठे गेले! चर्चच्या हॉलमधले सेल, बंद पडणारी टीव्ही दुरुस्तीची दुकानं, ह्यूस्टनच्या पलीकडचे जुन्या वस्तूंचे फ्ली मार्केट. बहुतेक वेळा हाती काही लागत नसे. लागलं तर कॅसेटच्या डबीत गेमऐवजी कंट्री गाणी निघत.

दुसऱ्या वर्षी एका फ्ली मार्केटमध्ये खोकाभर कॅसेट मिळाल्या. त्यात एक साध्या प्लास्टिकच्या पिशवीत होती. वर टाइप केलेली चिठ्ठी, 'सेव्हन स्टोन्स'. सुरुवातीच्या काळात लोक घरीच गेम लिहून असे पिशवीत घालून जवळच्या दुकानात विकायला ठेवत. फोरमवर कुणी हे नाव ऐकलं नव्हतं. मी रविवारी दुपारी ती लावली. कॅसेटच्या सुरुवातीला छोटासा प्रोग्रॅम होता, तो नीट चढला. पडद्यावर एकावर एक सात चपटे दगड उभे राहिले आणि खाली इंग्रजी अक्षरांत सूचना आल्या. चेंडू चुकवा, दगड रचा. सातवा दगड ठेवला की एल दाबा आणि ओरडा, 'लिंगोरच्या!'

मी खुर्चीतून उठलेच. "अरे, इकडे ये! लवकर!"

नवरा हात पुसत आला. तो नागपूरचा, त्याला तो शब्दच माहीत नव्हता. "म्हणजे लगोरी?"

"लगोरी तर कर्नाटकातले लोकही म्हणतात. लिंगोरच्या म्हणणारा माणूस आपल्याकडचाच. कुणीतरी मराठी माणसाने इथे बसून हा गेम लिहिलाय!"

पण खेळता आला नाही. पुढचा मोठा भाग चढता चढता थांबायचा आणि एरर यायची. पुन्हा लावला, दुसऱ्या प्लेअरवर लावला, प्लेअरचं हेड साफ केलं. टेप उन्हाने खराब झाली होती. आता ज्याने तो गेम लिहिला त्याच्याकडेच दुसरी कॉपी असली तर असणार.

गणपतीत महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. जेवणाच्या रांगेत जे जे पांढऱ्या केसांचे काका दिसले त्यांना मी विचारलं, "काका, तुमच्या ओळखीत कुणी ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर गेम लिहिला होता का?" काका लोक हसले. त्या पिढीतले बहुतेक डॉक्टर नाहीतर तेलकंपन्यांतले इंजिनिअर. एक डॉक्टर काका मसालेभात वाढून घेताना थांबले आणि म्हणाले, "अगं, आमच्या एका मित्राकडे होता तसला कॉम्प्युटर. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पाइपलाइनवाला. आता रिटायर झालाय." आणि त्यांनी मला फोन नंबर दिला.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला. सगळी हकीगत एका दमात सांगितली.

"मी लिहिला?" काका म्हणाले. "मला अजून व्हीसीआरचं घड्याळ लावता येत नाही. थांब, जिने लिहिला तिला देतो." आणि मग लांबून आवाज आला, "अगं, तुझ्या त्या गेमबद्दल कुणीतरी विचारतंय."

मी स्वतः बाई, स्वतः प्रोग्रॅमर, आणि एवढे दिवस डोक्यात एक काकाच घेऊन फिरत होते.

काकूंनी फोनवर एवढंच विचारलं, "तुला कुठे सापडला?" आणि रविवारी जेवायलाच बोलावलं.

काकू साठी ओलांडलेल्या, अंगाने बारीक, सुती पंजाबी ड्रेस घातलेल्या होत्या. मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. सुरुवातीला त्यांना संकोच वाटत होता. "अगं, ते काही एवढं नव्हतं," असं दोनतीनदा म्हणाल्या. मग जेवताना हळूहळू बोलत्या झाल्या. पुण्याला गणितात एमएस्सी केलं, लग्न होऊन इथे आल्या, तेव्हा त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. पुढे ग्रीन कार्ड आलं तोवर मुलगी झाली. काकांनी घरचे हिशेब ठेवायला म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि तो तसाच खोक्यात पडून राहिला.

"मग मी त्याचं मॅन्युअल वाचलं," काकू म्हणाल्या. "दुपारी दुसरं करणार काय? कॉलेज सुटल्यानंतर पहिल्यांदा डोक्याला खाणं मिळालं."

"पण लिंगोरच्या का?"

"मुलगी विचारायची, तू लहानपणी काय खेळायचीस? मी सांगायचे. ती म्हणायची, दाखव. आता दाखवणार कसं? लिंगोरच्याला दोन टीम लागतात. आमच्या रस्त्यावर पोरंच नव्हती. होती ती सगळी एसीत. मग म्हटलं, टीव्हीवर दाखवू."

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने तो खेळून पाहिला आणि म्हणाला, पिशवीत घालून आण, मी ठेवतो. थोड्या कॉपी गेल्या. मग दुकान बंद झालं. काकूंच्या स्वतःच्या कॅसेटचं काय झालं ते काकांनी सांगितलं. काकांच्या आई इथे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या कॅसेटवर कीर्तनं भरून घेतली होती.

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या," काकू म्हणाल्या. "तेव्हा कुणाला वाटलं होतं की कुणी विचारत येईल?"

म्हणजे जगात एकच कॅसेट, आणि तीही अर्धी मेलेली. त्या आठवड्यात मी ती किरकिर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केली. टेपवर प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी असतो. जे तुकडे धड होते ते निघाले, बाकीच्या जागी कचरा. मी ते सगळं कागदावर छापलं. प्रोग्रॅमच्या ओळी होत्या, आणि मध्येच पान कुरतडल्यासारखी रिकामी जागा. कागद घेऊन मी काकूंकडे गेले.

त्यांनी चष्मा लावला. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं, ही मीच गं."

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. मी दुपारी जायचे, डायनिंग टेबलावर कागद पसरायचे. काका चहा करून द्यायचे आणि टीव्हीचा आवाज कमी करायचे. काकूंना ओळी पाठ नव्हत्या. पण आधी काय आहे आणि पुढे काय आहे यावरून मधलं त्या शोधून काढायच्या, गणित सोडवावं तसं. मी काही सुचवलं तर कधी मान हलवायच्या, कधी म्हणायच्या, "छे, मी असं लिहिणार नाही. मेमरी कुठे होती एवढी? एकेक अक्षर वाचवायचे मी." एका जागी मी लिहिलेल्या चार ओळी खोडून त्यांनी एक लिहिली. ती चालली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही.

मी मास्तरांना मेल करून विचारलं की असा सांधलेला गेम संग्रहात चालेल का. त्यांचं उत्तर आलं, लिहिणारीच सांधत असेल तर अवश्य. पण फाटका तसाच्या तसाही पाठवा, म्हणजे काय टेपवरचं आणि काय नंतरचं ते पुढच्यांना कळेल.

शेवटी एकच भोक उरलं. चेंडू कुठून कसा येतो ते ठरवणारा भाग पूर्ण गेला होता आणि काकूंना काही केल्या आठवेना. त्यांनी दोन-तीन प्रकारे लिहून बघितलं. चेंडू यायचा, पण त्या म्हणायच्या, "हा तो नाही."

थँक्सगिव्हिंगला त्यांची मुलगी शिकागोहून आली. तिशीतली वकील. तिला खेळायला बसवलं. थोडं खेळून ती थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "मॉम, हे चुकतंय. चेंडू डावीकडून जास्त यायचा. आणि आधी वर जायचा."

"डावीकडून का?"

"कारण तू म्हणाली होतीस, हा फेकणारा बाबा आहे. बाबा डावरा आहे ना!"

काकू काकांकडे बघायला लागल्या. काका डाव्या हातात चहाचा कप धरून उभे होते. "मला हे कुणी कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी खेळला नाहीत," काकू म्हणाल्या.

त्यांनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. या वेळी थांबल्या नाहीत. मी टाइप केलं, चालवलं. मुलगी पुन्हा बसली आणि पहिल्याच चेंडूला तिने "ओ माय गॉड" म्हणून तोंडावर हात ठेवला. मग काका बसले. ते लगेच आउट झाले, आणि पुन्हा खेळले, आणि पुन्हा. टर्की ओव्हनमध्ये जरा जास्तच भाजली गेली.

एक भांडणही झालं. सातवा दगड ठेवायला आणि चेंडू लागायला एकच गाठ पडली, तर गेम आधी 'लिंगोरच्या' म्हणायचा आणि लगेच 'आउट'. काकूंना ते दुरुस्त करायचं होतं. मी म्हटलं, काकू, ते तसंच राहू द्या, ते मूळच्या टेपवर आहे.

"चूक माझी आहे. मी दुरुस्त करीन."

"पण मग तो तेव्हाचा गेम राहणार नाही."

त्यांनी त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरं. तुमच्या संग्रहात चूक ठेवा. माझ्या घरी मी बरोबरच ठेवणार." आणि तसंच केलं.

संग्रहाला पाठवताना लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं असतं. मी मंडळाच्या डिरेक्टरीतलं त्यांचं नाव टाइप करत होते. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आडनाव माहेरचं घाल," त्या म्हणाल्या. "एमएस्सीच्या सर्टिफिकेटवर आहे ते. गणित त्या नावाने शिकले मी."

काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि तिथूनच म्हणाले, "स्पेलिंग नीट सांग तिला. एच येतो त्यात." मी एच घातला. मास्तरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एकच शब्द. मी तो छापून काकूंना नेऊन दिला. त्यांनी तो फ्रिजवर लावला, मुलीच्या फोटोशेजारी.

फार लोकांनी तो गेम खेळला असं नाही. फोरमवर काहींनी कौतुक केलं. ओहायोतल्या एकाने लिहिलं की चेंडू फेकणारा फारच दुष्ट आहे. काकूंनी ते काकांना वाचून दाखवलं.

दोन हजार आठ साली नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही टेक्सस सोडून मॉरिसव्हिलला आलो. इथे उन्हाळा त्यामानाने सौम्य आहे, कॅसेट बऱ्या अवस्थेत मिळतात, पण गेम मात्र कमी. काकू दर पंधरा दिवसांनी फोन करतात. आधी तब्येतीचं, मग मुलीचं, आणि मग आवाज जरा बदलून विचारतात, "काय गं, नवीन काही सापडलं?" गेल्या शनिवारी पाऊस असताना मी फ्ली मार्केटला गेले होते. निम्म्या लोकांनी टेबलांवर ताडपत्र्या टाकल्या होत्या. एका म्हाताऱ्याने माझ्यासाठी ताडपत्री वर केली. खाली बशा होत्या, रेडिओ होते, एक शिवणयंत्र होतं. कॅसेट नव्हती. मी काकूंना तसं सांगितलं.

"पुढल्या शनिवारी जा," त्या म्हणाल्या. "आणि छत्री ने."