पाणी उजव्या हाताला

बीदरकडच्या खटकचिंचोळीच्या बसस्टँडसमोर उमाजीचं सायकलीचं दुकान होतं. म्हणजे पत्रे आणि पाटी अजून जागेवर होती, पण माणसं आता तिथं सावलीपुरती थांबायची. एक्क्याण्णव-ब्याण्णव साली त्याच्याकडं भाड्याच्या सतरा सायकली होत्या आणि गावातली निम्मी पोरं त्याच्याच सायकलीवरून पडून शिकली. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत पोरगं निघालं की उमाजी मागनं ओरडायचा, "फुडं बघ की रे! चाकाकडं कामून बघायलास?"

मग घरोघर फटफट्या आल्या. पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. उमाजीचा एकुलता एक रविकुमारही आयटीआय करून चाकणला एका कारखान्यात लागला, ठेकेदाराच्या हाताखाली. दोन हजार अकरा साल उजाडलं तेव्हा दुकानात पाच सायकली होत्या आणि त्यांतल्या दोन सायकलींना चाकं नव्हती. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना त्याची बायको रेणुकाबाई एकच मागणं मागायची, की लेक घरी येऊ दे. उमाजी तोंडानं काही मागायचा नाही. तिचं मागणं होईपर्यंत मागं हात जोडून उभा राहायचा.

त्या दसऱ्याला प्रेमानंद आला. वस्तीतल्या बौद्ध घरातला हा पोरगा, उमाजीच्याच सायकलीवर शिकलेला, आता हैदराबादला इंजिनिअर. मोटारीच्या टपावर सायकल बांधून आला होता.

शेजारचा चहावाला धोंडप्पा म्हणाला, "मोटार असून सायकल? पेट्रोल परवडंना काय सायबाला?"

"पोट कमी करायलाय, मामा," प्रेमानंद हसला आणि उमाजीजवळ टेकला. "अण्णा, हैदराबादेत आमचा सायकलवाल्यांचा गट आहे. सुट्टीत लांब लांब जातो. आपल्या धरणाच्या पाण्याभोवती फिरायचं म्हणतो. तुमच्याइतक्या वाटा कुणाला ठाऊक हायत? तुमी वाट आखून द्या, बाण काढा. एकदा लोकांना आवडलं की हिवाळाभर दर रविवारी माणसं येतील. जेवण तुमच्याकडं, सायकली तुमच्याकडं. वाट दाखवायला रविकुमारला बोलवा."

त्या दिवशी उमाजीनं स्टँडवरच्या फोनवरून लेकाला सगळं सांगितलं. रविकुमारनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अप्पा, हितं मला खोकला लागलाय, जीव नको झालाय. फेरीला मी येतो, मंगललाबी आणतो. जमायचं दिसलं तर माघारी जात न्हाई."

उमाजी चार दिवस सायकलीवर होता. ज्वारीच्या रानातल्या गाडीवाटा, उसाच्या पाटाकडची पायवाट, जिथं ढोक बगळे चिखलात एका पायावर उभे असतात ती पाणथळ, सगळं त्यानं चाकाखालून घातलं. कुठं चढ आहे, कुठं बाभळीचे काटे पडतात, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड आहे, हे मनात बसवलं. धरण भरलं तेव्हा मल्लण्णाची टेकडी पाण्याच्या मधोमध राहिली होती. देवळापर्यंत जाता येत नाही म्हणून धनगरवाड्यातली माणसं काठानंच फेरी घालायची, पाणी उजव्या हाताला ठेवून. त्या वाड्यातलाच उमाजीचा बाप मेंढरंसुद्धा तशीच फिरवायचा. पाणी डाव्या हाताला धरून कुणी चालत नसे. उलटा फेरा फक्त प्रेताभोवती घालतात.

तर उमाजीनं चुन्यात डिंक कालवून धोंड्याधोंड्यावर बाण काढले, सगळे उजव्या फेरीचे. टेकडीच्या अगदी समोर, वाटेच्या फाट्यावर, त्यानं चुन्यात देवाचा भंडारा टाकला. हळद चुन्याला लागली आणि बाण कुंकवासारखा लालभडक झाला. उमाजीनं त्याला हात जोडले. त्याच फाट्याशी जुना डांबरी रस्ता होता, धरणाआधी बस जायची तो. चारशे पावलांवर तो सरळ पाण्यात उतरतो. पण उजव्या फेरीनं येणाऱ्याला तो पाठीमागं पडतो, दिसतही नाही, म्हणून उमाजीनं तिथं काही खूण केली नाही.

रविकुमार बायकोला, मंगलला, घेऊन आला. रेणुकाबाईनं सुनेच्या हातून पीठ दळून आणवलं, अंगण सारवलं. घरात पुन्हा दोन ताटं वाढली. रविकुमारनं चाकं नसलेल्या दोन्ही सायकली उभ्या केल्या आणि बापाला म्हणाला, "हितं एक पत्रा वाढवू, अप्पा. सायकली सावलीत राहतील." उमाजी कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला.

फेरीला दोन दिवस उरले असताना प्रेमानंदचा फोन आला. रविकुमारच्या मोबाइलचा आवाज मोठा होता, बापलेक दोघांनी ऐकलं.

"अण्णा, थोडा बदल हाय. आमी धरणाच्या भिंतीकडनं सुरुवात करतो आणि उलट्या बाजूनं येतो. तुमच्या बाजूनं निघालं तर वारा तोंडावर येतो, ऊनबी डोळ्यावर. दुपारी तुमच्याकडं जेवायला. बाण तेवढे फिरवून घ्या."

उमाजीनं हातातला पाना खाली ठेवला. उलटं? देवाला डावं घालून? पण शिकलेला माणूस, त्यातून देव न मानणारा, हसंल. दुसऱ्या गावाला नेईल फेरी. तो म्हणाला, "व्हय, व्हय. करतो की."

"चला अप्पा, मी येतो संगं," रविकुमार चपला घालत म्हणाला. "दोघं मिळून फिरवू."

"तू बस. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी लेकानं पुन्हा विचारलं. "झालंय," उमाजी म्हणाला.

काही झालं नव्हतं. त्याच्या मनाचा हिशेब साधा होता. भिंतीपाशी पहिला बाण दिसला की माणसं आपोआप फिरतील. बाणाच्या तोंडावर कोण चालतं?

मार्गशीर्षातला पहिला रविवार. रेणुकाबाईनं चाळीस भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी करून ठेवली. रविकुमारनं रस्त्यावर पाण्याचे माठ मांडले. बारा वाजले, एक वाजला. धोंडप्पा म्हणाला, "हैदराबादला माघारी गेले का काय तुझे सायकलवाले?" उमाजी हसला, पण त्याचे डोळे रस्त्यावरच होते.

अडीचला मोटार आली. मागं टेंपो, त्यात सायकली आडव्या टाकलेल्या. प्रेमानंदची बायको रूपाली पुढं बसली होती. तिचा हात ओढणीनं गळ्यात बांधला होता, तोंड पांढरं पडलं होतं.

झालं होतं ते असं. बाण फिरवायचे राहिले असतील असं समजून ती माणसं ते उलटे वाचत आली. निम्म्या वाटेपर्यंत जमलं. फाट्यावर लाल बाण दिसला, आपल्याकडंच तोंड केलेला. लाल म्हणजे जाऊ नका, असं त्यांनी धरलं आणि बिनखुणेचा डांबरी रस्ता घेतला. उतार होता, सायकली सुटल्या. रूपाली सगळ्यांच्या पुढं होती. शेवाळावरून ती पाण्यात गेली. हात मोडला. तिला वर काढायला चौघं छातीभर पाण्यात उतरले.

"अण्णा," प्रेमानंद हळूच म्हणाला, "फोनवर सांगितलं होतं ना मी? बाण फिरवा म्हणून?"

उमाजीनं वर बघितलं. दारात रविकुमार पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

"न्हाई बा," उमाजी म्हणाला. "मला कुणी काई सांगितलं न्हाई."

रविकुमारच्या हातातला तांब्या तसाच राहिला. प्रेमानंदनं एकदा त्याच्याकडं, एकदा उमाजीकडं बघितलं.

"असंल," तो म्हणाला. "माझीच चूक असंल मग."

रूपालीनं डोळे न उघडता विचारलं, "तो लाल बाण कसला होता, अण्णा?"

"भंडारा, बाई. देवाचा."

दोघातिघांनी उभ्याउभ्या भाकरी खाल्ली. मोटार बीदरच्या दवाखान्याकडं निघाली. उरलेल्या भाकरी रेणुकाबाईनं वस्तीत वाटल्या आणि वाटताना कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

रविकुमारनं त्या संध्याकाळी रस्त्यावरचे माठ एकट्यानं आत आणले. सकाळी मंगलनं पिशव्या भरल्या तेव्हा उमाजी म्हणाला, "रवी, फुडच्या रविवारी दुसरी माणसं येतील. मी बाण फिरवतो."

"कोण येतंय, अप्पा?" रविकुमार खाली बसला, बापाच्या पुढ्यात. "देवाचं हाय, उलटं चालत न्हाई, एवढं म्हणला असताव तर प्रेमानंदभाऊ ऐकले असते. ते देव मानत न्हाईत, पण तुमाला मानत होते. मला तरी सांगायचं. मी काय हसलो असतो?"

उमाजी पिशवीचा बंद बांधायला लागला.

"चाकणला ठेकेदार रोज तोंडावर खोटं बोलतो. त्याला कंटाळून आलतो मी." त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत मंगल पाठ चोळत राहिली. "हितंबी तेच ऐकायचं असंल तर तिथंच बरं. तिथं निदान बाप न्हाई खोटं बोलत."

"पोराला दोन दिवस तरी ठेवून घ्या हो," रेणुकाबाई नवऱ्याला म्हणाली. उमाजीला लेकाला थांब म्हणायला तोंड उरलं नव्हतं. दोघं पाया पडली. साडेनऊची बस आली आणि गेली.

दुकानात दोन दुरुस्त सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. उमाजीनं त्यांतली एक काढली. हँडलला पाण्याचा डबा आणि ओलं पोतं अडकवलं.

"कुठं निघालाव?" रेणुकाबाईनं विचारलं.

"बाण पुसून येतो. कुणी आणखी पडंल."

गावाबाहेर वाट पाण्याला लागते तिथं तो क्षणभर थांबला. मग त्यानं हँडल वळवलं आणि पाणी डाव्या हाताला घेतलं. रानातून कुणीतरी ओरडलं, "उमाजी, उलटा कामून निघालास रे?" त्यानं मान वळवली नाही. एकेका धोंड्याशी उतरून तो चुना पुसत होता. चुना पटकन निघायचा.

फाट्यावरचा लाल बाण मात्र निघेना. उमाजीनं पोतं घासलं, नखांनी खरवडलं, डब्यातलं सगळं पाणी ओतलं. लाल रंग धोंडाभर पसरला, त्याच्या दोन्ही तळव्यांना लागला. समोर पाण्यात टेकडी होती. हात जोडायला त्यानं तळवे वर उचलले, त्यांच्याकडं बघितलं आणि खाली सोडले. मग सायकलीवर बसून पुढच्या धोंड्याकडं निघाला.