जास्वंदीचा कागद

हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवून आले की मी भिंतीकडे तोंड करून पडते. आज तीन वाजता रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे, आणि बीएस्सीचा प्रवेश रद्द करायचा अर्ज पाचपर्यंत ऑफिसात गेला पाहिजे, आज शेवटची तारीख. अर्ज लिहून उशीखाली ठेवलाय. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मला येथील शिक्षण पुढे चालू ठेवणे शक्य नाही.’ प्रकृती माझी चांगली ठणठणीत आहे. रूममेट फोनवर कुणाशी तरी हसतेय, ते हसणं हळूहळू लांब जातं, पंख्याचा आवाजही जातो, आणि माझ्या पायाशी खाटेवर कुणीतरी बसतं.

दांदळे सर. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीपर्यंत मला विज्ञान शिकवलेले. सप्टेंबरात वारले. दुमडलेल्या बाह्या, खिशाला शाईचा डाग, सगळं तसंच आहे.

“भरदुपारी झोपून राहिली, घाटोळबाई?”

“तुम्ही कसे आलात सर?”

“एस्टीनं. अकोल्याहून थेट हाये.”

मला हे अगदी पटतं. मेलेला माणूस एस्टीनं पुण्याला येतो यात मला काही वावगं वाटत नाही. मी उठून बसते आणि जे बोलायचं नाही तेच आधी बोलते.

“तुम्हाला पोचवायला आले नाही मी. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती.”

“किती पडले?”

“वीसपैकी चार.”

सर मान हलवतात. रागवतही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

खाट आता लॅबचा ओटा झालाय. आमची सगळी बॅच पांढरे ॲप्रन घालून आमच्याकडे पाठ करून उभी आहे, आणि नळ्यांमधून थेंब थेंब काहीतरी पडतंय. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, आम्लात आम्लारी घातली की काय होतं. म्हणजे विचारलं इंग्रजीत. मला उत्तर येत होतं, वर्गात पहिला हात माझा वर गेला. मी म्हणाले, उदासिनीकरण. त्या दिवसापासून बॅचमध्ये माझं नाव उदासिनी आहे. हात मी परत वर केलेला नाही.

“तुमच्यामुळे,” मी सरांना म्हणते. “तुम्ही सांगितलं होतं, विज्ञान सगळीकडे सारखंच असतं. तुम्ही सांगितलं होतं, तू जाशील तिथं पहिली येशील. सगळ्या गावासमोर सांगितलं होतं, माझ्या सत्काराला. तुम्हाला काय माहीत होतं इथलं?”

पाठमोरी बॅच हलत नाही. मी रडतेय आणि मला त्याचीच जास्त चीड येतेय.

“माहीत होतं न,” सर म्हणतात.

आता आम्ही शाळेच्या पडवीत बसलोय, पण पायाखाली हॉस्टेलची तीच फुटकी फरशी आहे. हापशापाशी जास्वंद लाल फुललीय. आमच्या शाळेत लिटमस पेपर कधी आलाच नाही, म्हणून सर आम्हाला जास्वंदीची फुलं कोऱ्या कागदावर घासायला लावायचे. कागद जांभळा व्हायचा, वाळला की आम्ही त्याच्या पट्ट्या कापायचो. लिंबात बुडवली की गुलाबी, साबणाच्या पाण्यात हिरवी. मला वाटायचं, सगळ्या जगात लिटमस असाच करतात.

“मी बी बीएस्सीले होतो. अमरावतीले,” सर एक फूल तोडतात. “दोन महिने. एक दिवस लॅबमध्ये काचेचं ब्युरेट फुटलं माझ्या हातून. तिथले सर काही बोलले नाहीत, पोरं हसली फक्त. संध्याकाळच्या गाडीनं गावाले आलो. मंग डीएड केलं.”

“तुम्ही तर आईच्या आजारपणामुळे परत आला होता. सगळं गाव सांगतं.”

“आई एकदम मजेत होती त्या वर्षी. वावरात निंदायले जात होती.”

याच गोष्टीवर निबंध लिहिला होता मी. आईसाठी शिक्षण सोडणारे माझे आदर्श शिक्षक. जिल्ह्यात दुसरा नंबर आला होता त्या निबंधाचा.

“मग मला काहून पाठवलंत?”

“मले जाता आलं नाही म्हणून,” ते सरळ म्हणतात. “दुसरं काय. चूकच हाये ते.”

माफी ते मागत नाहीत. मीही देत नाही.

“घरी काय सांगशील?” ते विचारतात.

“इथलं पाणी मानवत नाही.”

“बरं हाये. मी आई सांगितली, तू पाणी सांग. तीस वर्षं पुरते. रोज सांगा लागते फक्त.” मग हात पुढे करतात. “कागद दे.”

कागद म्हटलं की द्यायचा, ही सवय पाचवीपासूनची. मी उशी उचलते. उशी पडवीत कशी आली, कोण जाणे. सर माझा अर्ज मांडीवर ठेवतात आणि त्यावर फूल घासायला लागतात, बोटांनी, शांतपणे, ओळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“सर, तो अर्ज आहे.”

“माहीत हाये.”

“ए, पावणेतीन झालेत,” रूममेट मला हलवतेय. “प्रॅक्टिकल नाही का तुझं?”

पंखा सुरू आहे. भिंत तीच. मी उशीखाली हात घालते आणि अर्ज काढते. वर माझं नाव, खाली माझी सही, दोन्ही स्वच्छ. मधल्या ओळीवर जांभळा पट्टा आहे, अजून ओलसर. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ वाचता येत नाही. आमच्या हॉस्टेलात जास्वंद नाही.

दुसरा कागद घेऊन अर्ज पुन्हा लिहिता येईल, ऑफिस पाचपर्यंत उघडं आहे. पण कारणाची ओळ आली की मला सरांच्या आईची आठवण येणार, त्या वर्षी धडधाकट निंदायला जाणारी. सरांवरचा राग अजून तसाच आहे. मी ॲप्रन घालते, कागदाची घडी करून खिशात ठेवते आणि लॅबकडे निघते.