नरकचतुर्दशीच्या सकाळचं पाणी

शनिवार, १४ जून. कायझर्सलाउटर्न. हजर: मी (पुण्यातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी), माझे यजमान, आणि जावई निखिल, गाडी चालवायला व जर्मन बोलायला. सोबत दोन धुतलेल्या बाटल्या.

पुण्यात आमची बाग आणि फ्लश टँकरवर चालतात. अंघोळीचं पाणी शुद्ध करून वापरायचं ठरलंय. यंत्र घ्यायचं की झाडं लावायची, ते मी पाहून सांगायचं होतं. माहितीपत्रकांवर माझा विश्वास नाही.

आधी एका इमारतीचं तळघर. टाक्यांत स्पंजचे तुकडे, खालून हवेचे बुडबुडे. तुकड्यांवर जिवाणू वाढतात आणि मळ खातात. हाउसमाइस्टरने (इमारतीची देखभाल करणारा) नळ सोडला. पाणी इतकं नितळ, की मला शंका आली.

"निखिल, हा नळ थेट नगरपालिकेचा नाही ना, विचार."

"आई, असं कसं विचारू!"

मग मीच पाइपवर बोट ठेवून टाकीपर्यंत गेले. जोड खरा होता. एक बाटली भरली. टँकरच्या पाण्याची परीक्षा आम्ही अशीच घेतो: बाटली तीन दिवस बंद ठेवायची, मग वास घ्यायचा.

दुपारी गावाबाहेर, आठ घरांच्या मागे शिल्फ (बोरूसारखं उंच गवत). पाणी वाळूतून झिरपतं, मुळांशी जिवाणू तेच काम करतात. वीज जेमतेम एका पंपाला. जागा मात्र आमच्या पार्किंगएवढी. दुसरी बाटली भरली. तिथल्या फ्राउ हाना या आजींनी रबार्बरच्या आंबट देठांचा केक दिला. यांनी दोनदा घेतला.

"स्वयंपाकघराचं तेलकट पाणी यात येतच नाही," आजी म्हणाल्या.

"आणि अंगाला लावलेलं तेल?" मी विचारलं.

"कसलं तेल?"

दिवाळीत आमच्या ऐंशी घरांतली माणसं एकाच पहाटे तेल चोळून अंघोळ करतात, हे निखिलने समजावलं.

"सगळे? एकाच सकाळी?"

"गेनाऊ (अगदी बरोबर)!" हे म्हणाले. यांना येणारा एकुलता एक जर्मन शब्द.

आजी हसल्या, मग थांबल्या. "एवढ्या तेलाने जिवाणू गुदमरतील. आधी तेल अडवणारी टाकी हवी. किती तेल येतं?"

माझ्या यादीत एकोणीस प्रश्न होते, सगळे त्यांच्यासाठी. हा एक आमच्यासाठी होता, आणि तो मी लिहिलाच नव्हता.

मंगळवारी बाटल्या उघडल्या. एकीलाही वास नाही.

"आता तरी पटलं का?" यांनी विचारलं.

"त्यांच्या पाण्याचं पटलं."

पुण्यात परतल्यावर कमिटीला लगेच उत्तर हवं होतं. मी सही केली नाही. आमच्या ड्रेनेजच्या झाकणाखाली काय वाहतं, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. एका बाटलीवर चिठ्ठी लावून ठेवली आहे: 'आपलं पाणी, नरकचतुर्दशी, पहाट'. भरायची राहिली आहे.