उंदरांना लागू पडलेलं औषध

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळते. सांभाळते म्हणजे त्यांची लग्नं लावते, असं मीच हसत सांगायची. आमच्या काही उंदरांत एक जन्मजात दोष असतो. मेंदूत साठणारा कचरा मोडणारं एक द्रव्य त्यांच्या अंगात तयारच होत नाही. पिल्लू चांगलं जन्मतं, खेळतं आणि मग हळूहळू मागचे पाय ओढायला लागतं. असली पिल्लं मिळावीत म्हणून आम्ही मुद्दाम एकाच घरातले नर-मादी एका पिंजऱ्यात सोडतो. दोघंही धडधाकट, पण दोष दोघांतही लपलेला. चार पिल्लांमागे साधारण एक आजारी निघतं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, तेव्हाच सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी पाथर्डीच्या मामाची, म्हणजे घरचीच. नाही कोण म्हणणार? मी तर करवली म्हणून नटून मिरवले. सुट्टी संपवून परत आले आणि पिंजऱ्यांवर नव्या जोड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या. डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. भाऊही कमी शहाणा नाही. कालवडीला तिच्याच बापाच्या रेताची कांडी भरू नये म्हणून तो जनावरांच्या डॉक्टरशी हुज्जत घालतो.

भाची आठ महिन्यांची झाली आणि बसवली की कलंडायला लागली. भांडं वाजलं तरी दचकायची. घरच्यांनी शिंगणापूरला जाऊन तेल वाहिलं, मी तपासण्या करायला लावल्या. रिपोर्टवर आजाराचं जे नाव आलं, ते मी रोज पिंजऱ्यांवर लिहीत होते.

दिवाळीला घरी गेले. त्या वर्षी आमच्या पिल्लांना एक नवं औषध लागू पडलं होतं आणि मूर्खासारखं ते मी भावाला फोनवर सांगून बसले होते. भावजय पोरीला मांडीवर आडवी घेऊन चमच्यानं पेज भरवत होती.

"आक्का, तुमची उंदरं वाचली म्हनं?"

मी हो म्हटलं.

"मग हिलाबी उंदीर समजा. काय व्हायचं त्ये होऊ द्या."

मी समजावू लागले. ते औषध पिल्लू जन्मल्याच्या दिवशीच द्यावं लागतं, माणसाला अजून कुणी दिलेलं नाही, आणि आता उशीर झालाय. सगळं खरं होतं, पण बोलताना मला स्वतःचीच किळस आली. ती मान खाली घालून ऐकत होती. पेज निवून गेली.

"उंदरांच्या जोड्या तुमीच लावता न्हवं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पोरीच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पदरानं पुसली आणि पुढचा चमचा भरला.